नकारानंतरचा अर्ज

'अर्ज' हा शब्द अरबींतून फारसीच्या वाटेनें मराठींत आला, आणि 'आर्जव' हा संस्कृतांतून आला. दोघांचें मूळ निराळें, कूळ निराळें. परंतु मराठीच्या ओसरीवर ते असे शेजारीं बसले कीं, एकाचा रंग दुसऱ्यास लागल्यावांचून राहिला नाहीं. अर्जाचा मूळ अर्थ पुढें मांडणें, सादर करणें, एवढाच. आर्जवाचा मूळ अर्थ तर ऋजुता, म्हणजे सरळपणा. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायांत दैवी संपत्तीचीं जीं लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांत आर्जवाची गणना आहे, ती याच अर्थानें. आज मात्र आर्जव करणें म्हणजे काकुळतीस येणें, पदर पसरणें, असें आपण समजतों. जो शब्द सरळ उभा होता त्यास आपण वांकावयास लाविलें, आणि त्याच्या संगतीनें अर्जही वांकला. अर्ज करणारा मनुष्य कांहीं मांडीत आहे असें कोणास वाटत नाहीं. तो कांहीं मागत आहे, असेंच सर्वांस वाटतें, आणि दुर्दैवानें त्याचें त्यालाही तसेंच वाटतें.

या दोन शब्दांचा हा संसार आम्हांस दरवर्षीं पावसाळा सरतांना आठवतो. आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवितों तें चंद्रपूर जिल्ह्यांत, वैनगंगेच्या कांठापासून फारसें दूर नाहीं. शिकविण्याखेरीज जीं कामें प्राध्यापकाच्या वांट्यास येतात, त्यांत कोणाकडे खेळ येतात, कोणाकडे स्नेहसंमेलन येतें. आमच्याकडे शिष्यवृत्ति आली, ती कायमची राहिली. वास्तविक आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर. बर्कचीं भाषणें आणि मिलचे निबंध यांवर आमचा पिंड पोसला. परंतु नकार आल्यानंतर दुसरें पत्र कसें लिहावें, हा विषय आम्हांस कोणी शिकविला नव्हता. तो आम्ही मुलांबरोबरच शिकलों. आणि पन्नाशी उलटल्यावर आतां आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, आमच्या हातून जें थोडेंबहुत अध्यापन झालें असेल, त्यांतील टिकाऊ भाग बहुधा हाच.

हीं मुलें कोठून येतात तें प्रथम सांगितलें पाहिजे. चंद्रपूर व गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. पुढें २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें, तोंपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयें नागपूरच्या विद्यापीठाखालीं होतीं. परीक्षेचें अंतर त्यामुळें कमी झालें. कागदाचें अंतर मात्र अद्याप तितकेंसें कमी झालेलें नाहीं. कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागड येथील मुलें आमच्याकडे येतात, तीं बहुधा आपल्या घरांतील पहिलीं पदवीचीं मुलें असतात. घरीं एक पीक भाताचें. उन्हाळा लागतां लागतां मोहफुलें वेंचावयाचीं, आणि मे महिन्यांत तेंदूचीं पानें तोडून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे. या पुड्यांच्या पैशांत घराचें मीठमिरची व कापडचोपड भागतें. गांवापासून शेंदीडशें किलोमीटरांवर राहणाऱ्या मुलाची खोली व खानावळ भागत नाहीं. ती शिष्यवृत्तीवर भागावयाची असते. म्हणून तिला विद्येचें पारितोषिक समजणें ही नुसती शब्दाची फसवणूक होय. ती येथें दोन वेळच्या भाताचें दुसरें नांव आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची ही योजना आपल्या देशांत जुनी आहे. अनुसूचित जातींसाठीं ती १९४४ पासून चालत आली, आणि अनुसूचित जमातींच्या मुलांनाही स्वातंत्र्याच्या आगेंमागें ती मिळूं लागली. तिचे दोन भाग: एक, महाविद्यालयाची फी, दुसरा, विद्यार्थ्यास निर्वाहभत्ता. पात्रतेस जातीचा दाखला लागतो आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. उत्पन्नाची मर्यादा २०१३ सालीं वर्षास अडीच लक्ष रुपये ठरविण्यांत आली. पूर्वीं हे अर्ज कागदावर होत असत. २०१७ पासून राज्य सरकारनें 'महाडीबीटी' नांवाची संगणकीय व्यवस्था सुरू केली, आणि तेव्हांपासून अर्ज दिसेनासा झाला. विद्यार्थी सेतु केंद्रांत बसून तो भरतो. तेथून तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, लिपिकाकडून प्राचार्यांकडे, प्राचार्यांकडून खात्याच्या कचेरीकडे जातो. आदिवासी मुलांचा असेल तर गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर यांपैकीं आपापल्या प्रकल्प कार्यालयाकडे जातो. सर्वांची छाननी पुरी झाली, म्हणजे आधारशीं जोडलेल्या बँकखात्यांत पैसे जमा होतात. या वाटेवर कोणत्याही चौकींत अर्ज अडूं शकतो. आणि अडला म्हणजे कोठें अडला हें अर्जदारास कळण्याचें साधन त्याच्या खिशांतील फोन हें एवढेंच.

येथें एका शब्दाची हकीकत सांगतों. या व्यवस्थेंत अर्जाच्या दोन निराळ्या गति आहेत. एक, तो त्रुटि दुरुस्त करण्यासाठीं परत पाठविणें. दुसरी, तो नामंजूर करणें. पहिलीचा अर्थ 'अजून ये', दुसरीचा अर्थ 'येऊं नको'. परंतु आमच्याकडील मुलें दोहोंसही एकच वाक्य बोलतात: "सर, माझा फारम वापस आला जी." वापस आलेली वस्तु नाकारलेली वस्तु, असाच घरचा अनुभव. बाजारांत नेलेली मोहाची टोपली वापस आली, म्हणजे ती घेतली गेली नाहीं; तिच्यांत दुरुस्ती करून पुन्हां न्यावयाची असते, असें कोण समजेल?

या एका शब्दापायीं गेलेला एक मुलगा आम्हांस विसरतां येत नाहीं. इतिहासाच्या वर्गांत तो पुढच्या बांकावर बसे व टिपणें सुरेख काढी. त्याच्या जातीच्या दाखल्याचें छायाचित्र पुसट आलें होतें, म्हणून अर्ज परत पाठविला गेला. सोबत इंग्रजींत एका ओळीचा शेरा होता कीं, दाखला स्वच्छ दिसेल असा पुन्हां चढवावा. त्यानें तो शेरा वाचला कीं नाहीं, वाचला तर त्याला समजला कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. त्यानें कोणापाशीं तक्रार केली नाहीं, कोणास दोष दिला नाहीं. खोलीचें भाडें थकलें होतें तें कसेंबसें चुकतें केलें, आणि माघ महिन्यांत गांवच्या लोकांबरोबर तो मिरची तोडण्यासाठीं तेलंगणांत निघून गेला. आम्हांस हें त्याच्या सोबत्याकडून कळलें तेव्हां परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदतही टळून गेली होती. नामंजूर झालेल्या अर्जांची गणना कचेऱ्या ठेवीत असतील. परंतु ज्यांनीं परत आलेला अर्ज नामंजूर समजून आपणच मिटवून टाकला, त्यांची गणना कोणत्या वहींत होते? या मुलास कोणीं 'नाहीं' म्हटलें नव्हतें. त्यानें 'नाहीं' असें ऐकलें, कारण आजवर त्याच्या घरच्यांनीं कचेरींतून दुसरें कांहीं ऐकलेलेंच नव्हतें.

याच्या उलट उदाहरण एका मुलीचें. ती भामरागडच्या पलीकडील एका खेड्यांतली, माडिया घरची. पर्लकोटेस पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद होते, हें दरसालचें आहे. त्या वर्षीं ती रोवणीसाठीं घरीं गेली, पूर आला, फोन निर्जीव पडला, आणि तेवढ्यांत तिचा अर्ज दोन त्रुटींसाठीं परत येऊन दुरुस्तीची मुदत संपून नामंजूरही झाला. पहिली त्रुटि अशी कीं, उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा होता. दुसरी अधिक मौजेची. तिच्या वडिलांच्या दाखल्यावर आडनांवांत इंग्रजी 'व्ही' होता आणि तिच्या गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' होता. ज्या आडनांवास माडिया बोलींत लिपीच नव्हती, तें आश्रमशाळेच्या गुरुजींनीं एका तऱ्हेनें लिहिलें व तलाठ्यानें दुसऱ्या तऱ्हेनें. आणि त्या दोन अक्षरांतून बाप व लेक यांचें नातें गळून पडलें.

ती आमच्याकडे आली तेव्हां तिच्या हातांत फेरविचारासाठीं लिहिलेलें पत्र होतें. पत्र दोन पानांचें होतें. त्यांत ती अत्यंत गरीब असल्याचें पांच वेळां, साहेबांची कृपा झाल्यास ती जन्मभर ऋणी राहणार असल्याचें तीन वेळां, आणि ती साहेबांच्या पायां पडत असल्याचें शेवटीं एकदां लिहिलेलें होतें. अर्ज कोणत्या तारखेस केला, तो कां नामंजूर झाला, यांविषयीं एक अक्षर नव्हतें. आम्हीं विचारलें, "नामंजूर होण्याचें कारण काय दिलें आहे?" ती म्हणाली, "गरिबाचं होत नाही जी, सर." हें तिचें उत्तर आम्हांस त्या दोन पानांहून अधिक लागलें. गरिबीसाठींच जी योजना, तिच्यांतून गरीब असल्यामुळें आपण वगळलों गेलों, असें तिला अगदीं स्वाभाविक वाटत होतें.

मग आम्ही तिच्याबरोबर बसलों. प्रथम नकाराचें कारण शोधून कागदावर उतरून घेतलें. नंतर तिला सांगितलें कीं, या पत्रांतून गरीब हा शब्द काढून टाक. तो खरा नाहीं म्हणून नव्हे. तो सिद्ध करण्याचें काम दाखल्याचें आहे, तुझें नाहीं. तुझें काम चार गोष्टी सांगण्याचें: अर्जाचा क्रमांक व तारीख, नकाराचें जें कारण दिलें तें, त्यांच्याच शब्दांत, त्या कारणास उत्तर, आणि प्रत्येक उत्तरास एक कागद, व शेवटीं, काय करावें अशी तुझी मागणी आहे, तें एका वाक्यांत. तिनें चालू वर्षाचा दाखला काढला. आडनांव दोन तऱ्हांनीं लिहिलें गेलें असलें तरी व्यक्ति एकच, असें प्रतिज्ञापत्र केलें. पुराच्या दिवसांत वाट बंद होती याबद्दल ग्रामसेवकाचें पत्र आणलें. दुसरें पत्र पाऊण पानांत संपलें. प्राचार्यांनीं त्यास आपलें पत्र जोडलें, आणि कचेरींत तें देतांना तिनें पावती मागून घेतली. पावती मागतांना हात थरथरत होता, असें तिनें मागाहून सांगितलें, परंतु मागितली. मध्यंतरीं दोन वेळां चौकशी करावी लागली. मार्च महिन्यांत पैसे जमा झाले. त्यांतून खानावळवाल्या बाईंची तीन महिन्यांची बाकी फिटली. आणि ती मुलगी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेस बसली.

आम्ही हें सांगतों तेव्हां आमचे एक वडीलधारे सहकारी हंसतात. त्यांचें म्हणणें असें कीं, आपण मुलांना भांडखोर करीत आहां. नम्रतेनें काम होतें तेथें युक्तिवाद कशाला? आम्ही नम्रतेच्या विरुद्ध नाहीं. परंतु ज्या नम्रतेंत माहितीच नसते, ती कचेरींतील मनुष्यास कांहींच साह्य करीत नाहीं, हें आम्हीं पाहिलें आहे. टेबलापलीकडे बसलेला लिपिक बहुधा निर्दय नसतो. त्याच्यापुढें शेंकडों अर्ज असतात, आणि दयेचा रकाना त्याच्या नमुन्यांत नसतो. त्यास कारण व कागद दिला तर तो अर्ज पुढें सरकवूं शकतो. अश्रु दिले तर ते कोठें चिकटवावे, हें त्यास समजत नाहीं. आर्जवानें काम होतें हें खरें. पण तें आर्जव गीतेंतलें पाहिजे.

दुसरे एक मित्र याहून गंभीर आक्षेप घेतात, आणि तो आम्हांस मान्य आहे. ते म्हणतात, खोट्या दाखल्यांनीं खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या आहेत. छाननी कडक झाली ती त्यामुळेंच. सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं माधुरी पाटील यांच्या खटल्यांत दाखल्यांच्या पडताळणीची रीति घालून दिली. महाराष्ट्रानें २००१ च्या तेविसाव्या अधिनियमानें ती कायद्यांत आणली. हें आवश्यकच होतें. परंतु छाननी कडक असणें व ती मुकी असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. कडक छाननीस भिण्याचें कारण भामरागडच्या मुलीस नाहीं. तिचें गोंडपण तिच्या गांवच्या वाऱ्यास ठाऊक आहे. तिला भय मुक्या छाननीचें आहे. कारण न सांगणारा नकार खोट्यास अडवीत नाहीं, कारण खोट्याजवळ वकील असतो, वेळ असतो, नागपूरचें भाडें असतें. तो खऱ्यालाच घरीं पाठवितो.

कायद्यानें हें ओळखलेलें नाहीं असें नाहीं. त्याच २००१ च्या अधिनियमांत, जातीचा दाखला नाकारला गेला तर ३० दिवसांत अपील करण्याची तरतूद आहे. पडताळणी समितीच्या निर्णयाविरुद्ध मात्र उच्च न्यायालयाखेरीज दुसरें दार नाहीं, आणि तें दार आमच्याकडच्या लोकांसाठीं नागपुरास आहे. भामरागडाहून तें तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर पडतें. उत्पन्नाच्या व जातीच्या दाखल्यांसारख्या सेवा २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखालीं येतात. त्या कायद्यान्वयें सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्यानें कारण लेखी दिलें पाहिजे. त्यावर ३० दिवसांत पहिलें अपील, पुढें दुसरें, आणि शेवटीं आयोगापुढें तिसरें अपील करतां येतें. आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. हीं दारें कायद्यानें उघडीं ठेविलीं आहेत. परंतु दार उघडें असणें निराळें, आणि आंत जाण्याचा आपणांस अधिकार आहे असें वाटणें निराळें. पहिलें विधिमंडळ करूं शकतें. दुसरें शाळेनें करावयाचें असतें.

पात्रतेचा प्रश्न एका मुलीच्या आडनांवापुरता असतो तेव्हां तो क्षुल्लक वाटतो. परंतु तोच प्रश्न एका सबंध समाजाचा होता, असा काळ या प्रदेशानें पाहिला आहे. १९५० सालीं अनुसूचित जमातींची यादी निघाली, तेव्हां विदर्भांत ती कांहीं तहसिलींपुरतीच होती: अमरावतीकडील मेळघाट, यवतमाळकडील केळापूर, वणी व यवतमाळ, आणि तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील गडचिरोली व सिरोंचा. या रेषेच्या आंत राहणारा गोंड सरकारच्या दृष्टीनें आदिवासी, रेषेबाहेरचा नव्हे. वरोऱ्याच्या किंवा ब्रह्मपुरीच्या गोंडाची सोयरीक गडचिरोलीच्या गोंडाशीं होत असे, देव तेच, रीतिभाती त्याच. पण भाऊ यादींत आणि बहीण यादीबाहेर, असा प्रकार. खुद्द चांदा शहरांत गोंड राजांनीं १७५१ पर्यंत राज्य केलें. त्यांचा परकोट अद्याप उभा आहे, त्याच्या वेशींवर त्यांचें हत्तीसिंहाचें चिन्ह आहे. त्या परकोटाच्या आंत राहणारा गोंड मात्र यादीप्रमाणें गोंड ठरत नव्हता. ही रेषा १९७६ च्या सुधारणा अधिनियमानें पुसली गेली; ती सुधारणा २७ जुलै १९७७ पासून अमलांत आली. म्हणजे सत्तावीस वर्षें एका पिढीचीं मुलें, अपात्र नसतांना, अपात्र म्हणून शाळांतून परत गेलीं.

माना जमातीची गोष्ट याहून अलीकडची आहे, आणि तीही याच दोन जिल्ह्यांच्या आसपासची. यादींत माना हें नांव गोंडांबरोबर एका ओळींत छापलेलें. त्यावरून माना म्हणजे गोंडांचीच एक पोटशाखा, स्वतंत्र जमात नव्हे, असा अर्थ सरकारी कागदांत काढला गेला, आणि माना कुटुंबांचे दाखले अडूं लागले. हा वाद वर्षानुवर्षें चालला; शेवटीं २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें माना ही स्वतंत्र जमात असल्याचें मान्य केलें. छापील ओळींतील एका नांवाची जागा, आणि तिच्यावर किती मुलांची फी अवलंबून! पुढें २०२३ च्या मार्चमध्यें ठाकूर जमातीच्या संघटनेच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें असेंही सांगितलें कीं, उमेदवारास जमातीचे सण, देव, बोली, चालीरीति यांची माहिती आहे कीं नाहीं, या एका कसोटीवर दावा ठरवूं नये. राज्यघटनेपूर्वींच्या जुन्या कागदांस अधिक वजन आहे. वसतिगृहांत वाढलेल्या मुलास आजोबांचीं लग्नगीतें येत नाहींत म्हणून तो आजोबांचा नातू नव्हे, असें म्हणणें किती विचित्र आहे, हें आमच्या वर्गांतील कोणतेंही मूल सांगूं शकलें असतें; पण तें न्यायालयाच्या तोंडून येण्यासाठीं कोणा तरी माणसांनीं नकारानंतर पुन्हां विचारावें लागलें.

आमचें सांगणें एवढेंच आहे. यादी, मर्यादा, तहसिलीची रेषा हीं मनुष्यांनीं आंखलेलीं असतात, आणि पुन्हां विचारणारीं माणसें निघालीं म्हणजे तीं सुधारतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें चरित्र या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते तीन वर्षांसाठीं न्यूयॉर्कास गेले. आणि पुढें शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांस लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परत यावें लागलें. शिष्यवृत्ति संपणें म्हणजे काय, हें त्यांनीं स्वतः अनुभविलें होतें. पंचवीस वर्षांनीं, १९४२ सालीं, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत असतांना त्यांनीं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयीं जें निवेदन सरकारपुढें ठेविलें, त्यांत उच्च शिक्षणासाठीं पैशांची मागणी होती. तें निवेदन होतें; याचना नव्हती. कोणती गोष्ट नाकारली गेली, इतरांस काय दिलें गेलें, आम्हांस काय मिळालें पाहिजे, असा त्याचा बांधा. दोन वर्षांनीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति सुरू झाली. आज आमची मुलें ज्या योजनेंत अर्ज भरतात, तिच्या मुळाशीं सरळ मांडलेला एक अर्जच आहे, ही गोष्ट आम्ही दरवर्षीं पहिल्या तासाला सांगतों.

उत्पन्नाच्या दाखल्याविषयीं मात्र एक अडचण आम्हांस अद्याप सोडवितां आलेली नाहीं. अर्जाचा नमुना विचारतो, वार्षिक उत्पन्न किती? बाप सांगतो, यंदा भात इतकी खंडी झाला, मोह बरा होता, तेंदू पावसानें गेला. या दोन भाषांमध्यें दुभाषी म्हणून तलाठी उभा; तो एक आंकडा लिहितो, आणि कधीं कधीं सबंध गांवाचें उत्पन्न त्या एकाच आंकड्यावर येऊन थांबतें. आश्रमशाळेंत स्वयंपाकी असलेल्या बापाचा आंकडा मात्र रुपया न रुपया नोंदलेला असतो. एखाद्या वर्षीं थकलेला पगार एकदम मिळाला, कीं मर्यादा ओलांडली जाते आणि मुलगी अपात्र होते. शेजारचा दुकानदार पात्र राहतो. यावर अपीलांत काय लिहावें? थकबाकी कोणत्या वर्षांची, हें कचेरीच्या पत्रानें दाखवावें, एवढें आम्ही सांगतों. तें कधीं मानलें जातें, कधीं मानलें जात नाहीं. सरळपणानें मांडलेली प्रत्येक गोष्ट मान्य होतेच, असें आम्ही मुलांस कधींही सांगत नाहीं. परंतु सरळ मांडलेला आणि नाकारला गेलेला अर्जही कोठें तरी शिल्लक राहतो. पुढच्याला तो दाखवितां येतो. मनांत मिटवून टाकलेला अर्ज कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं.

ती माडिया मुलगी आतां पदवीधर झाली आहे. मागील उन्हाळ्यांत ती भेटावयास आली तेव्हां तिच्या पिशवींत कागदांची एक चळत होती. गांवच्या एका म्हाताऱ्याचा जमिनीवरील वनहक्काचा दावा नामंजूर झाला होता. या प्रदेशाला वनहक्कांचें वळण नवें नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालींच सामूहिक वनहक्क मिळाला आहे. २००६ च्या त्या कायद्यांतही फेरविचाराच्या पायऱ्या आहेत: ग्रामसभेवरून उपविभागाच्या समितीकडे, तेथून जिल्ह्याच्या समितीकडे, प्रत्येकीस ६० दिवस, आणि दावा नाकारला असेल तर तें दावेदारास समक्ष कळविलें पाहिजे, असा नियम आहे. म्हाताऱ्यास कोणीं कांहीं कळविलें नव्हतें. त्यानें फक्त दुसऱ्याकडून ऐकलें होतें, कीं वापस आलें.

तिनें लिहिलेला मसुदा आम्हांस दाखविला. त्यांत म्हाताऱ्याच्या वयाचें वर्णन नव्हतें, दारिद्र्याचें नव्हतें, साहेबांच्या पायांचा उल्लेख नव्हता. पहिलें वाक्य असें होतें, कीं दाव्यावरील निर्णयाची प्रत व कारणें दावेदारास मिळालेलीं नाहींत, तीं लेखी द्यावींत, आणि तीं मिळाल्या तारखेपासून अपीलाची मुदत धरावी. खालीं म्हाताऱ्याचा अंगठा, आणि त्याच्या बाजूस अंगठा ओळखणारी म्हणून तिची सही. आडनांव व्हीनें कीं डब्ल्यूनें हा प्रश्नच येऊं नये म्हणून तिनें तें देवनागरींत लिहिलें होतें. आम्हीं हातांत पेन घेऊन तो मसुदा दोनदां वाचला, आणि पेन खिशास लावून तिला तो तसाच परत दिला. दुरुस्त करण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें.